पलंगावरची दिल्ली

“दिल्ली पाहिल्याशिवाय माणसाने डोळे मिटू नयेत,” असं दिनानाथ मुरबे गावच्या बंदरावर चाळीस वर्षं सांगत आले होते. ते स्वतः दिल्लीत चार दिवस राहिले होते, आणि चारही दिवस डोळे मिटूनच होते.

बोईसरच्या कारखान्याने तेव्हा त्यांना एक व्हॉल्व्ह पोचवायला दिल्लीला पाठवलं होतं. व्हॉल्व्ह स्टेशनवरच एका माणसाने ताब्यात घेतला आणि दिनानाथांना तापाने. हमालांनी त्यांना पहाडगंजच्या एका लॉजवर उचलून नेलं, आणि पाचव्या दिवशी तसंच उचलून परतीच्या गाडीत ठेवलं. लॉजवर शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक टुरिस्ट गाईड पडला होता. धंदा विसरू नये म्हणून तो छताकडे बघत दिवसभर लाल किल्ला, जंतरमंतर, कुतुबमिनार घडाघडा म्हणत असे. दिनानाथांची सबंध दिल्ली अशी कानाने झाली.

तेवढ्या भांडवलावर ते गावात ‘दिल्लीवाले नाना’ झाले. दर सव्वीस जानेवारीला शाळेत त्यांचं भाषण होई. खरं काय ते फक्त बायकोला, जयवंतीला, ठाऊक होतं. ती भाषणाला जात नसे.

आणि आता काशीबाई गावातल्या अकरा कोळणींना घेऊन दिल्ली दर्शनाला जाऊन आली होती. नानांनाच गाईड म्हणून न्यायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी त्यांना ताप आला. अंथरुणातून त्यांनी एक सल्ला मात्र दिला होता, “तिकडं पनीरशिवाय काय मिळत नाय. सुकं म्हावरं घेऊन जा, भरपूर.”

बायका सकाळी उतरल्या. दुपारी काशीबाई भेटायला येते, असा निरोप आला.

“परत ताप आणा,” जयवंती बोंबील भिजत घालताना म्हणाली. “तुमाला सवय हाय.”

नानांनी उगाचच सदरा बदलला. कुतुबमिनारच्या वर गेल्यावर वारा कसा कानशिलाला लागतो, हे ते शाळेत हातवारे करून सांगत. वर कोणाला सोडतच नाहीत, हे त्यांना गेल्या आठवड्यात टीव्हीवर कळलं होतं. तोवर बायकांची गाडी सुटलेली होती. आता पुढच्या सव्वीस जानेवारीला पोरं हसतील, आणि बंदरावर कोणी बसायला जागा देणार नाही.

काशीबाई एकटीच आली. आल्या आल्या तिने दार लोटलं आणि जमिनीवर बसली.

“काशीबाय, मला ठाव हाय तू कशाला आलीस,” नाना म्हणाले. “चूक माजीच—”

“मंग कोनाची? सुकं घेऊन जा, कोन बोल्लं?”

नाना पलंगाच्या कडेवर टेकले.

“पयल्याच सकाळी आमच्यातल्या नवसीनं पहाडगंजातल्या लॉजच्या दारात पिशवी उघडली. म्हटलं बोंबलांना जरा वारा लागू दे. एक बंगाली बाय थांबली. विचारलं, कसे दिले? आता नाना, गिऱ्हाईकानं भाव विचारल्यावर उठून लाल किल्ला बघायला जायचं? बरं दिसतं?”

“नाय दिसत,” नाना म्हणाले.

“मंग तिची जाव आली. मंग अख्खी गल्ली. चार दिवस तिथंच बसलो. बस रोज दारात हॉर्न मारून रिकामी जायची. बसचा गाईड एकटाच दिल्ली बघून यायचा.”

“आणि फोटो?”

“मोबाईल त्याच्याकडंच दिलते. सगळे फोटो हायेत. आमी नाय त्यांत.”

नानांना चाळीस वर्षांत प्रथमच हायसं वाटलं. पण काशीबाईने पदराने डोळे टिपले.

“लेकीनं, हेमालीनं धाडलं होतं हो मला. बोल्ली, आई, जनमभर म्हावऱ्याच्या पाटीशी बसलीस, चार दिवस तरी पाटी सोड. सांजच्याला लेकीसुना ऐकायला बसतील. तिला काय सांगू, दिल्लीत पन पाटीशीच बसले? नाना, तुमी दिल्ली सांगा. बारा जनींना पुरेल एवढी सांगा.”

नानांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. लाल किल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरले, चांदणी चौकात वळले, जंतरमंतरवर सावल्या मोजल्या. खाटेवरच्या त्या गाईडलाही इतकं सुरेख कधी जमलं नसेल. काशीबाई ओठ हलवत पाठ करत होती.

“कुतुबमिनारावर चढलो का आमी?”

“नाय,” नाना ठामपणे म्हणाले. “वर सोडत नायत.”

आजवरच्या भाषणांतली ही त्यांची पहिली दुरुस्ती होती.

काशीबाई समाधानाने उठली. “कायपन म्हना नाना, डोल्यांनी बघितलेला मानूस तो शेवटी डोल्यांनी बघितलेला.”

आतून जयवंतीला ठसका लागला.

काशीबाई दारापर्यंत पोचली, तेव्हा नानांनी आवाज एकदम खाली आणला.

“काशीबाय, जरा बस ना. तिथं पहाडगंजात, लॉजच्या बाहेर पाय टाकला, की समोर काय दिसतं गं?”