प्रेताची पापणी

पडद्यावरच्या प्रेताची पापणी लवली आणि सभागृह नेहमीप्रमाणे हसले.

सात जणांच्या पायदळ तुकडीची ती कथा गेली साठ वर्षे श्रेष्ठ मानली जात होती, आणि तेवढीच वर्षे तिच्यातले हे एक प्रेत थट्टेचा विषय होते. सात सैनिक एक खिंड राखतात. अखेरीस शत्रूचे एकतीस जण उतारावर मरून पडलेले दिसतात. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश सरकतो, आणि डावीकडून चौथा मुडदा डोळे मिचकावतो.

दिवे लागले. व्यासपीठावरच्या प्राध्यापकांनी या चित्रपटावर दोन ग्रंथ लिहिले होते. त्यामुळे तो लक्ष देऊन पाहण्याची गरज त्यांना उरली नव्हती. त्यांनी सांगितले की, दिग्दर्शकाने हे एकच दृश्य बारा दिवस पुन्हा पुन्हा घेतले, आणि एवढे करून चित्रपटात ठेवले ते हे, बिघडलेले. "नजरच नसलेला माणूस," असा निकाल त्यांनी दिला. त्या दिग्दर्शकाला पुढे कोणी दुसरा चित्रपट दिला नाही, हे त्यांना न्याय्य वाटत होते. हयात नसलेल्या माणसाविषयी ठाम मत बाळगणे तसे सुरक्षित असते.

शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या घड्याळजीने मान खाली घातली.

"बाबा, आयुष्यात एकच भूमिका मिळाली, तीही मुडद्याची, आणि तीही धड जमली नाही," त्याची लेक कुजबुजली. मग त्याचा हात धरून म्हणाली, "चला. आज बोला, नाहीतर राहूनच जाईल."

पहिल्या रांगेत पाहुणी म्हणून बसवलेली वृद्धा ही त्या चित्रपटाच्या चमूतली शेवटची हयात व्यक्ती. कॅमेऱ्यात रीळ भरण्याचे काम तिचे. तेव्हा तिला सगळे ताई म्हणत. साठ वर्षांत तिने एकही मुलाखत दिली नव्हती. आजही भाषणाला नकार देऊन ती नुसती बसून होती.

घड्याळजी तिच्यासमोर उभा राहिला. "ताई, डावीकडून चौथा मी."

तिने बराच वेळ त्याच्या डोळ्यांकडे पाहिले. "बसा," ती म्हणाली.

त्याने बसून सांगितले. तो खरोखरच शत्रूचा सैनिक होता. युद्ध चालू असतानाच चित्रपट निघाला होता, आणि मुडद्यांची सोय जवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून झाली होती. छावणीचा अधिकारी कलेची कदर करणारा होता. दृश्य पुरे होईपर्यंत या एकतीस जणांना गोळ्या घालायच्या नाहीत. ते झाले की मागच्या खाणीत नेऊन काम उरकायचे, असा त्याचा हुकूम होता. पहारेकऱ्यांनी तो कैद्यांना हसत हसत ऐकवला होता. या रसिकतेचा उल्लेख प्राध्यापकांच्या दोन्ही ग्रंथांत नव्हता.

पहिल्या दिवशी डोळ्यात धूळ गेली आणि पापणी लवली. दिग्दर्शक खवळला. याला धड मरताही येत नाही, म्हणून त्याने शिव्यांची लाखोली वाहिली आणि अधिकाऱ्याला बजावले की, उद्या हेच एकतीस हवेत, एकही बदलला तर दृश्य जुळणार नाही.

दुसऱ्या दिवशी पापणी आपण होऊन लवली नाही. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी चाके तासन्‌तास निरखणारा तो माणूस; नजर न ढळू देणे ही त्याची रोजीरोटी. त्याने पापणी मुद्दाम मिचकावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कॅमेऱ्याच्या आवाजावर कान ठेवून तो वेळ साधत असे. पहिल्या दिवशी यंत्र जड घुरघुरत होते, पुढे त्याचा आवाज हलका झाला. कोणीतरी तेल दिले असावे, असा अंदाज त्याच्यातल्या कारागिराने मेल्या मेल्याच बांधला होता. रोज नवी शिवी, रोज "उद्या हेच". तेराव्या दिवशी सकाळी शस्त्रसंधी झाला.

"एकतीसच्या एकतीस घरी पोचलो, ताई. पोरंबाळं झाली. ही माझी लेक." तो क्षणभर लेकीकडे वळला. "पण त्या भल्या माणसाचं नाव मी बुडवलं. त्यांच्या तापट स्वभावानं आम्ही जगलो, आणि माझ्या पापणीनं त्यांचं आयुष्य वाया गेलं. आभार मानायचे होते, माफी मागायची होती. ते गेले. आता तुम्हीच उरलात."

लेकीने पिशवीतून त्याच्या हातचे एक छोटे घड्याळ काढून ताईच्या मांडीवर ठेवले. ताई त्याची टिकटिक ऐकत राहिली.

"तापट कसले," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळी तंबूत आले की मला विचारायचे, उद्या शिवी कुठली घालू, सुचव गं."

तिने घड्याळ उचलून कानाशी धरले.

"रीळ मी भरायचे, भाऊ. पहिल्या दिवसानंतर कॅमेऱ्यात रीळ नव्हतंच."