पुलाखालचा डबा

विस्कॉन्सिनमधल्या जुन्या रेल्वेमार्गाची सायकलवाट झाली आणि आर्विडच्या गोठ्यामागच्या पुलाखाली कुणीतरी शोधाशोधीच्या खेळाचा डबा लपवला. माणसं फोनवर ठिकाण बघत यायची, डबा शोधून आतल्या कागदावर सही करायची. त्यातल्याच एकानं गोठ्याचं फाटक उघडं टाकलं. आर्विडची गाभण गाय हायवेवर जाऊन गाडीखाली मेली. चिडून आर्विडनं डबाच उचलून घरी नेला. रविवारी त्याच्याच वयाची एक बाई पुलाखाली रांगताना दिसली. "मिळायचा नाही. मी नेलाय." "का हो?" त्यानं गायीचं सांगितलं. बाई दगडावर टेकली. "कितवं वेत होतं?" "पहिलंच. बेर्टा म्हणायचो तिला." असं कुणी विचारलंच नव्हतं. आर्विड घरून डबा घेऊन आला. "घ्या, करा सही." "आयता नको. पुन्हा लपवा," म्हणत तिनं पाठ फिरवून डोळे मिटले. गुडघे धरत आर्विड पुलाखाली शिरला. "बघू नका हं," त्यानं बजावलं.