अ‍ॅम्प्लिफायरची वही

टेबलावरच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरशेजारी नवरोबांची वही असते. रोजचं सेटिंग त्यात लिहायचंच: गेन, म्हणजे मशीनने आवाज किती पट वाढवायचा ते, आणि दहापर्यंतचा व्हॉल्यूम.

जानेवारी. गेन लो, व्हॉल्यूम ३. गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो! बायको म्हणते, "अहो, जेवायला चला." तिला यातलं काय कळणार?

जून. गेन लो, व्हॉल्यूम ८. हल्लीची रेकॉर्डिंगच पुचाट. बायकोही पुटपुटत बोलायला लागली आहे.

डिसेंबर. गेन हाय, व्हॉल्यूम १०. तरी आवाज मरतुकडा. अ‍ॅम्प्लिफायर कामातून गेला. बायकोबरोबर दुरुस्तीला पाठवला.

त्याखाली बायकोचं अक्षर:

"दुरुस्तीवाल्याने हेडफोन कानाला लावले आणि किंचाळून भिरकावले. मशीन ठणठणीत आहे. उद्या अकराला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय.


तीनदा ओरडून सांगितलं, म्हणून आता लिहितेय."