अंतिम रेषेच्या अलीकडे

मी कपाट आवरत असताना एक पदक खणकन फरशीवर पडलं आणि राहीची दुपारची झोप मोडली. "आई, हे कसलं?"

"पहिल्या ट्रायथलॉनचं. पोहले, सायकल मारली, धावले आणि शेवटी कोसळले. बाहेरच्यानं हात लावला की स्पर्धक बाद, म्हणून सगळे नुसते बघत होते. रांगत पोचले गं."

मग मी तिला पुढच्या वर्षीचंही सांगितलं. त्याच स्पर्धेत मी स्पर्धकांना पाणी वाटायला उभी होते. एक काका अंतिम रेषेच्या अलीकडे पडले. नियम ठाऊक असून मी धावले, त्यांना उठवलं.

"अहो बाई, हात लावलात? बाद झाले ते!" पंच ओरडले.

काका रडले. "चौदा तास झुंजलो, पोरी," एवढंच म्हणाले.

राहीनं गोंधळून विचारलं, "मग आई, कुणी पडलं तर उचलायचं की नाही?"