पन्नास टक्के

सोलरवर चालणाऱ्या आपल्या फिरत्या घराच्या बॅटऱ्यांना तो तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. निम्म्याखाली उतरल्या की त्या लवकर मरतात, म्हणून आज सकाळीच त्याने पन्नास टक्क्यांवर गाडीतली सगळी वीज आपोआप तुटेल अशी सोय करून टाकली.

वडिलांना चढ झेपत नाही, ते गाडीतच झोपले. नवरा-बायको टेकडीच्या माथ्यावर पोचले, तोवर आभाळ गच्च भरून आलं होतं. मोबाईलवर दिसणारा गाडीच्या बॅटऱ्यांचा आकडा उतरत उतरत पन्नासवर आला आणि तिथेच थांबला.

"बघितलंस? तुटली वीज! आता दहा वर्षं मरण नाही बॅटऱ्यांना."

बायको पायथ्याशी ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या गाडीकडे बघत होती.



"अहो, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन कशावर चालतं?"