मधला वेळ

सुनेने तान्ह्या ठकीला सतरंजीवर पालथं घातलं आणि सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला बघवत नाही," ते म्हणाले. "झालं की सांगा."

"अहो, ऑपरेशन चाललंय का इथे?" सासूबाई म्हणाल्या. पण खांद्यावरचं फडकं त्यांनी आधीच हातात घेतलं होतं.

खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर फडकी. धुतलेली, अर्धवट वाळलेली, धुऊनही आंबूस वास न गेलेली. खोलीत कुठेही जायचं तर वाकून जावं लागे. आता तर सगळेजण दोऱ्या नव्हत्या तिथेसुद्धा वाकून चालत.

ठकीला सातवा महिना चालू होता. प्यायलेलं दूध तिच्या पोटात ठरत नसे. नाकातोंडातून उलटं यायचं, मग ठसका, मग जीव घाबरा करणारं रडणं. प्यायल्यावर थोडा वेळ उभं धरा, असं डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. या घराने ते फारच मनावर घेतलं. सकाळी सून, दुपारी सासूबाई, संध्याकाळी सासरे, रात्री नवरा. ठकी एकाच्या खांद्यावरून निघायची ती दुसऱ्याच्या खांद्यावर उतरायची. झोपायचीही तिथेच. सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवलेली. "निवृत्त कुठला, ड्यूटी बदलली फक्त," ते म्हणायचे. "आणि ही प्रवासी तिकीट तर काढत नाहीच, वर ड्रायव्हरच्या अंगावर ओकते." येणाऱ्याजाणाऱ्याला सासूबाई अभिमानाने सांगत, "आमच्या पोरीची पाठ अजून जमिनीला लागलेली नाही."

आज सकाळी दवाखान्यातही त्यांनी तेच सांगितलं. डॉक्टरीणबाई तेव्हा ठकीचे दोन्ही हात धरून तिला हळूच उठवून बघत होत्या. अंग वर आलं, मान मागेच राहिली. त्यांनी ठकीला परत निजवलं.

"म्हणजे, जमिनीवर ठेवता कधी?"

सासूबाईंनी ठकीला उचलायला हात पुढे केले.

"वाढच मागे पडलीय, की हिला नुसती संधी मिळाली नाही, हे मी आज नाही सांगू शकत. रोज पालथं घाला. पोट रिकामं असताना. महिन्याने बघू." मग त्या सुनेकडे वळल्या. "तुम्ही स्वतः केव्हा पालथ्या पडलात? आईला विचारून ठेवा. कधी कधी घराण्यात असतं."

सासूबाईंनी चटकन आपल्या मुलाचं सांगितलं. तो भलताच लवकर पालथा पडला होता. सून म्हणाली, "विचारते." विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. पण ते टेबलापलीकडे सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यापासून ती तो मधला वेळ शोधत होती. दूध पोटात असताना पालथं घालायचं नाही, आणि पोट रिकामं झालं की ठकी भुकेने टाहो फोडायची. उचललं तर मान धरणार नाही, ठेवलं तर दूध ठरणार नाही. शेवटी ठकी खांद्यावर नुसतीच जागी आहे असं दिसलं, तेव्हा तिने कोणाला न विचारता सतरंजी अंथरली.

ठकीचा एक गाल सतरंजीवर दबला होता. हात अंगाखाली अडकले होते. सुनेने ते एकेक करून सोडवले आणि पुढे ठेवले. ठेवले तिथेच ते राहिले. मग ठकी रडायला लागली.

"उचल गं तिला," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा."

"अगं, लालबुंद झालीय पोर. आई आहेस का कोण आहेस?"

"आई आहे म्हणूनच म्हणतेय. थांबा ना."

असं ती सासूबाईंशी कधी बोलली नव्हती. भिंतीकडून सासऱ्यांचा आवाज आला, "काय करते ती?"

"रडतेय."

"ते ऐकू येतंय. काय करते?"

सुनेचे स्वतःचे हात ठकीकडे निघाले होते. ते आवरायचे कसे हे न कळून ती खालीच पालथी पडली, ठकीच्या समोर, दोन्ही हात पोटाखाली दाबून. फरशी गार होती. तिथून खोली वेगळी दिसत होती. दोऱ्या फार उंच होत्या, आणि ठकीचं तोंड हातभर अंतरावर.

ठकी ओकली.

"झालं तुझ्या मनासारखं!" सासूबाईंनी फडकं घेऊन बसकण मारली. सुनेने पोटाखालून एक हात काढला, बोटाने ठकीचं नाक-तोंड मोकळं केलं. श्वास नीट चालू होता. सासूबाईंचं फडकं तिने मनगटानेच अडवलं.

रडणं थांबलं. ठकी समोर पसरलेल्या पांढऱ्या डागाकडे बघत होती. तिचा उजवा हात जागचा हलला, दुधात गेला आणि बोटं उघडली.

"हात पुढे केला!" सासूबाई कुजबुजल्या. "अहो, इकडे बघा, हात केला पुढे तिने."

सासरे गुडघे धरत खाली बसले. तिघंही त्या हाताकडे बघत राहिले.

"केला की घसरला?" सुनेने विचारलं.

ठकीचा हात पुन्हा हलण्याची वाट बघत ती तशीच पडून राहिली. दुधाचा ओघळ सतरंजीवरून फरशीवर उतरून सावकाश येत तिच्या हनुवटीपर्यंत पोचला.