शुक्रवारचे कागद

“‘ये माझ्या शेजेवर, तुझ्या जखमा ओठांनी पुसू दे.’ हा पुरुष कोण?” सिस्टर इनेसच्या उशीखाली सापडलेला कागद बिशपांनी तिच्यापुढे धरला.

“माझा धनी.” तिने भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहिलं. “या मठात आले तेव्हा त्याच्याच नावाची अंगठी घातलीत ना तुम्ही मला.”

“आणि हे लिहायला सांगितलं कुणी?”

बिशपांच्या शेजारी पाद्री गाश्पार बसले होते. तिच्या पापांची कबुली तेच ऐकत. प्रार्थनेत जे वाटतं ते सगळं लिहून आण, कुणाला सांगू मात्र नकोस, हा हुकूम त्यांचाच. सात वर्षं दर शुक्रवारी ती कागद त्यांच्या हाती देत आली होती.

“बाकीचे कागद मी जप्त केलेत,” पाद्री नखांकडे बघत म्हणाले.

त्यांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, हेच ती शिकली होती. “कुणी नाही सांगितलं,” ती म्हणाली.

निकाल लागला. कागद तिच्यादेखत जाळायचे आणि तिला जन्माची कोठडी. कोठडीचं तिला काही वाटलं नाही. धनी तिथेही आला असता.

दुपारी अंगणात जाळ केला. पाद्रींनी स्वतः गठ्ठा आणून आगीत टाकला. आचेने एकेक कागद तिच्यासमोर उलगडत गेला. वरचे दोन तिच्या अक्षरातले होते. खालचे सगळे कोरे.

सात वर्षं धन्यापुढे उघडी होताना तिला कधी लाज वाटली नव्हती. आता पाद्रींसमोर तिने डोक्यावरचं वस्त्र ओढून छाती झाकली.